अ‍ॅस्पेन लाकूड आणि मुंबई परिसरातील आगकाडी-उद्योग

सॅलिकेसी म्हणजे वालुंज कुलातील पॉप्युलस वंशाच्या काही वृक्षांना व त्यांच्यापासून मिळणाऱ्या लाकडाला अ‍ॅस्पेन म्हणतात. यूरोप आणि उत्तर आशियात आढळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव पॉप्युलस ट्रेम्युला असून उत्तर अमेरिकेतील जात पॉप्युलस ट्रेम्युलॉइडीस ही होय. तिच्या पानांचा देठ चपटा असल्याने मंद वाऱ्यातही पाने थरथरतात. ‘ट्रेम्युला’ या लॅटिन पदाचा अर्थ तोच. आपल्याकडे पिंपळाला संस्कृतात ‘चलदल’ म्हणतात ते याच कारणाने, मात्र पिंपळाचा आणि या वृक्षाचा कुलसंबंध नाही. थंड प्रदेशातील हा वृक्ष महाराष्ट्रात कोठेही वाढत नाही. तरीही १९२० नंतरच्या काळात त्याचे ओंडके मुंबई बंदरात उतरत आणि शहराच्या परिसरात नव्याने उभ्या राहिलेल्या आगकाड्यांच्या कारखान्यांत त्यांच्या काड्या होत. कारखाना कोठे काढावा, आयात कर किती असावा आणि देशी उद्योग कोणाला म्हणावे, हे तिन्ही प्रश्न त्या काळी या परदेशी लाकडाशी येऊन अडत. प्रस्तुत नोंदीत त्या व्यवहाराचा विचार केला आहे.

लाकडाचे गुणधर्म : अ‍ॅस्पेनचे लाकूड पांढरे, हलके, मऊ व सरळ रेषांचे असते. त्यात डिंक वा राळ नसते आणि त्याला वासही नसतो. ओले असता ते न फाटता सोलले जाते, वाळल्यावर त्याची काडी मोडत नाही आणि वितळलेले पॅराफीन ते चटकन शोषून घेते. शेवटचा गुण सर्वांत महत्त्वाचा होय, कारण गुलाची ज्योत लाकडापर्यंत पोहोचते ती पॅराफिनच्या द्वारे. काडी विझल्यावर निखारा धुमसत राहू नये म्हणून तिला अमोनियम फॉस्फेटाच्या विद्रावात बुडवितात. हा विद्रावही अ‍ॅस्पेनमध्ये सारखा मुरतो. एकंदरीत, हे लाकूड इमारतीला किंवा टिकाऊ फर्निचराला सामान्य प्रतीचे, परंतु काडीला मात्र उत्तम. मुंबईच्या लाकूडबाजारात मलबार व ब्रह्मदेशातील सागाला शतकानुशतके जो मान होता, त्याच्याशी याची तुलनाच होऊ शकत नाही. सागाचे मोल टिकण्यात आहे, तर आगकाडीचे लाकूड एकदा पेटून संपण्यासाठीच असते.

कारखान्यात ओंडक्याचे सु. अर्ध्या मीटरचे तुकडे करून साल काढली जाते. नंतर सोलयंत्रावर तुकडा फिरवून त्याचा अखंड पातळ पत्रा काढतात. काडीसाठी हा पत्रा सु. दोन मिमी. जाडीचा आणि पेटीसाठी त्याहून बराच पातळ असतो. पत्र्यांची चवड पात्याखाली कापली की काड्या तयार होतात. त्या वाळवून, घासून गुळगुळीत केल्यानंतर पॅराफीन व गूल लावण्याचे काम होते. हे सर्व लाकूड ओले असेतोच साधते. वाळलेला ओंडका सोलताना पत्रा चिरतो. थंड देशात ओंडके उघड्यावर राहिले तरी फारसे बिघडत नाहीत. मुंबईच्या हवेत मात्र उन्हाने त्यांची टोके तडकतात आणि दमटपणामुळे बुरशीचे निळसर डाग पडतात. त्यामुळे ओंडके पाण्यात बुडवून ठेवावे लागतात किंवा सतत ओले राखावे लागतात. कारखान्याच्या आवारात पाण्याचा हौद वा तळे असणे ही त्यामुळे चैन नव्हती.

प्रारंभिक काळ : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुंबईत विकल्या जाणाऱ्या बहुतेक आगपेट्या परदेशी होत्या. पेटीच्या बाजूला तांबडा फॉस्फरस लावलेली ‘सुरक्षित’ काडी ही स्वीडनची देणगी. गुस्ताव्ह एरिक पाश याने १८४४ मध्ये तिचा एकस्व मिळविला आणि यन्चपिंग येथील लुंडस्ट्रम बंधूंनी ती बाजारात आणली. स्वीडनच्या मागोमाग जपानने आशियाई बाजारपेठ काबीज केली. कोबे येथून येणारा माल स्वस्त असे आणि त्याच्या वेष्टनावर हिंदू देवदेवतांची चित्रे छापलेली असत. पहिल्या महायुद्धात यूरोपीय जहाजवाहतूक विस्कळीत झाली, तेव्हा भारतातील बहुतांश मागणी जपानी मालानेच भागविली.

देशी कारखान्याचे प्रयत्न या काळात झाले नाहीत असे नाही. अहमदाबाद येथील गुजरात इस्लाम मॅच फॅक्टरी १८९५ पासूनची, तर १९०५ नंतर स्वदेशी चळवळीच्या प्रेरणेने इतरही अनेक कारखाने निघाले. त्यांतील बहुतेक लवकरच बंद पडले. भांडवलाचा तुटवडा व तांत्रिक अज्ञान ही कारणे सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. परंतु योग्य लाकूड योग्य वेळी न मिळणे हे कारण त्यांच्याइतकेच बलवत्तर होते. वनखात्यातील अधिकारी आर. एस. ट्रूप यांनी १९१० मध्ये आगकाडी-उद्योगाच्या भवितव्यावर लिहिलेल्या प्रबंधात भारतीय व ब्रह्मी वृक्षांची या दृष्टीने तपासणी केली. उपयुक्त जाती भारतात पुष्कळ आहेत, पण त्या मिश्र अरण्यात विखुरलेल्या आहेत, ही अडचण त्यानंतरच्या प्रत्येक चर्चेत पुन्हा पुढे आली.

आयात कर व उपनगरांतील कारखाने : परिस्थिती पालटली ती महसुलाच्या गरजेतून. सरकारने १९२१ मध्ये आगपेट्यांवर दर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, १२ आणे आयात कर बसविला आणि १९२२ मध्ये तो दीड रुपयापर्यंत वाढविला. मालाच्या मूळ किंमतीच्या मानाने हा कर इतका जबर होता, की पेटी भारतात तयार करणे एकाएकी अतिशय किफायतशीर ठरले. उद्योगाला संरक्षण देण्याचा सरकारचा हेतू नव्हता, तिजोरी भरण्याचा होता. पण कारखाने निघाले ते या करामुळेच.

आरंभी अनेकांनी सोपी वाट धरली. कर तयार पेटीवर होता, कोऱ्या काडीवर तेवढा नव्हता. म्हणून जपान व यूरोपमधून अ‍ॅस्पेन आणि तत्सम लाकडाच्या तयार काड्या आणि पेटीचे पत्रे मागवावयाचे, येथे फक्त गूल लावावयाचे, पेट्या चिकटवावयाच्या व भरावयाच्या, असा हा धंदा होता. त्याला सोलयंत्र लागत नसे आणि तळेही लागत नसे. सरकारने १९२४ मध्ये कोऱ्या काड्यांवर व पत्र्यांवरही कर बसवून ही पळवाट बंद केली. त्यानंतर टिकावयाचे तर ओंडके आणून ते येथेच सोलणे भाग होते. बर्लिनच्या रोलर कंपनीची व जपानी बनावटीची यंत्रे त्यासाठी आली. ज्यांना हा खर्च झेपला नाही, ते धंद्यातून बाहेर पडले.

लाकूड समुद्रमार्गे येत असल्याने कारखाने बंदरांच्या आसपासच एकवटले. पूर्वेस कलकत्ता आणि पश्चिमेस मुंबई ही दोन मोठी केंद्रे झाली. मुंबई बेटावर जागा महाग, वस्ती दाट आणि क्लोरेटासारख्या स्फोटक द्रव्यांचा साठा शेजाऱ्यांना नकोसा. म्हणून अशा धंद्यांना बेटाच्या उत्तरेकडील साष्टी व त्यापलीकडचा ठाणे जिल्हा सोयीचा होता. या भागाचे प्रशासकीय स्वरूपही त्याच सुमारास बदलत होते. अंधेरी, कुर्ला, घाटकोपर इत्यादी गावे १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत. त्या वर्षी मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला, १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा भाग आणि १९५७ मध्ये बोरिवली व मुलुंड बृहन्मुंबईत समाविष्ट झाले. १९२० च्या सुमारास मात्र ही भातशेते, मिठागरे आणि माडांच्या वाड्यांची गावे होती. दोन लोहमार्ग त्यांतून जात, खाड्या जवळ होत्या आणि जमीन स्वस्त होती. बंदरात उतरलेला ओंडका रेल्वेच्या उघड्या वाघिणीतून कारखान्याच्या दारापर्यंत नेता येई. काड्या वाळविणे, पेट्या चिकटविणे, भरणे यांसाठी मनुष्यबळही पुष्कळ लागे. ही कामे हलकी मानली जात, आणि त्यांत स्त्रिया व मुले यांचा भरणा असे. पेट्या चिकटविण्याचे काम घरी नेऊनही केले जाई. आगकाडी-उद्योगाच्या इतिहासात या वर्गाची नोंद फारच त्रोटक आढळते, हे खेदाने नमूद करावे लागते.

लाकडाचा पुरवठा हाच या धंद्याचा नाजूक दुवा होता. बाल्टिकची बंदरे हिवाळ्यात गोठत, तर पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात माल उतरविणे व तो कोरडा-ओला सांभाळणे कठीण होई. फिनलंड, रशिया व बाल्टिक देशांतून सुएझमार्गे, तसेच सैबेरिया व जपान यांकडून पूर्वेच्या वाटेने ओंडके येत. म्हणजे कित्येक महिन्यांचा साठा एकदम घेऊन ठेवणे आवश्यक होते. मोठ्या कंपनीला ते परवडे. ज्याचे भांडवल थोडे त्याचे निम्मे पैसे पाण्यात भिजत पडलेल्या ओंडक्यांतच अडकून राहत.

स्वीडिश मक्तेदारी व अंबरनाथ : ईव्हार क्रूगर (१८८०–१९३२) याने १९१७ मध्ये स्वीडनमधील प्रतिस्पर्धी कारखाने एकत्र करून स्वेन्स्का टेंडस्टिक्स म्हणजे स्वीडिश मॅच ही कंपनी स्थापन केली. अडचणीतल्या सरकारांना कर्ज द्यावे आणि त्या बदल्यात त्या देशातील आगकाड्यांचा मक्ता घ्यावा, ही त्याची पद्धत जगभर गाजली. १९२५ मध्ये पोलंडशी झालेला करार हे तिचे ठळक उदाहरण होय. भारतात कर्जाचा मार्ग खुला नव्हता. येथे कराची भिंत उभी राहिल्याचे पाहताच कंपनीने भिंतीच्या आत येण्याचे ठरविले. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे पुढे सर्वतोमुखी झालेली ‘विमको’, मुंबईत स्थापन झाली. तिचा प्रमुख कारखाना मुलुंड-ठाण्यापलीकडे, जी. आय. पी. रेल्वेवरील अंबरनाथ येथे उभा राहिला. आवार प्रशस्त, यंत्रे अद्ययावत आणि लाकूडखरेदी जगभर पसरलेली, अशी ही कंपनी उपनगरांतील लहान कारखानदारांच्या शेजारी येऊन बसली. तिचे ‘शिप’, ‘होमलाइट्स’, ‘टेक्का’ हे छाप पुढे घरोघर पोहोचले.

देशी कारखानदारांची तक्रार अशी होती, की भाव पाडून आम्हाला बाजारातून उठविण्याचा स्वीडिश कंपनीचा डाव आहे. कंपनीची भूमिका वेगळी होती. चांगली काडी अ‍ॅस्पेनचीच होते, ग्राहकालाही तीच हवी असते आणि भारतीय लाकूड तिच्या तोडीचे नाही, असा तिचा युक्तिवाद होता. या युक्तिवादातील खोच समजण्यासाठी त्या वेळच्या जकातविषयक धोरणाकडे पाहावे लागते. मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील राजकोषीय आयोगाने १९२२ मध्ये संरक्षणासाठी तीन कसोट्या सुचविल्या. त्यांतील पहिली अशी, की उद्योगाला कच्च्या मालाचा मुबलक पुरवठा, स्वस्त शक्ती, पुरेसे कामगार किंवा मोठी देशी बाजारपेठ यांसारख्या नैसर्गिक सोयी असल्या पाहिजेत. आगकाडीला बाजारपेठ होती, कामगार होते. मात्र लाकूड जर सैबेरियातूनच यावयाचे असेल, तर या उद्योगाला देशी म्हणून संरक्षण का द्यावे? ‘भारतीय लाकूड चालत नाही’ हे वाक्य मान्य केले की संरक्षणाची मागणी लंगडी पडत होती. स्वदेशीच्या अभिमानाने पेटी विकत घेणाऱ्यालाही हा प्रश्न टोचण्यासारखाच होता. वेष्टन देशी, मजुरी देशी. पण काडी कोणाची?

टॅरिफ बोर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जकात मंडळापुढे ही सर्व बाजू आली. त्या वेळी सर पदमजी जिनवाला मंडळाचे अध्यक्ष होते. १९२८ च्या अहवालात मंडळाने आगकाडी-उद्योगाला संरक्षण देण्याची शिफारस केली. भारतीय जातींपासून चालण्याजोगी काडी होते आणि संघटित प्रयत्न झाल्यास लाकडाचा पुरवठा देशातून होऊ शकेल, हे मंडळाने मान्य केले. दीड रुपयाचा महसुली कर त्याच वर्षीच्या कायद्याने संरक्षक करात रूपांतरित झाला. स्वीडिश कंपनीवर खास बंधने घालावीत, ही देशी कारखानदारांची मागणी मात्र मंडळाने स्वीकारली नाही. परिणामी संरक्षणाचा लाभ भिंतीच्या आत आलेल्या परकीय कंपनीलाही तितकाच, किंबहुना तिच्या सामर्थ्यामुळे अधिकच मिळाला. तयार परदेशी पेट्यांची आयात लवकरच नगण्य झाली. क्रूगरने मार्च १९३२ मध्ये पॅरिस येथे आत्महत्या केली आणि त्याचा आर्थिक डोलारा कोसळला, पण मूळ आगकाडी-कंपनी व तिची भारतीय शाखा तगून राहिली. १९३४ मध्ये सरकारने देशातील उत्पादनावर अबकारी कर बसविला. आयात थांबल्याने बुडालेला महसूल अशा रीतीने वसूल होऊ लागला.

देशी लाकडाकडे वळण : अ‍ॅस्पेनची जागा मुख्यतः सावरीने घेतली. सावर, काटेसावर किंवा शाल्मली (बॉम्बॅक्स सीबा) हा वृक्ष ठाणे, रायगड, नाशिक, खानदेश, डांग व कारवार या भागांत सर्वत्र परिचित आहे. तिचा कापूस गाद्या-उशांत भरतात. लाकूड पांढरट, हलके आणि सोलण्यास सोपे असते. मात्र तोडल्यावर ते थोड्या दिवसांतच डागळते आणि अ‍ॅस्पेनइतके घट्टही नसते. खरी अडचण ट्रूप यांनी सांगितली तीच. सावर अरण्यात एकेकटी उभी असते. शंभर ओंडके जमविण्यासाठी ठेकेदाराला केवढे रान धुंडाळावे लागे, गाड्यांना वाट करावी लागे आणि तोवर पहिले ओंडके काळे पडलेले असत. गंमत अशी, की माघ-फाल्गुनात बोरिवली व मुलुंडच्या डोंगरांवर ही सावर तांबड्या फुलांनी डवरलेली उपनगरांतूनच दिसे. पण विहार (१८६०) व तुळशी (१८७९) या तलावांचे पाणलोट असलेले ते रान शहराच्या पाण्यासाठी राखलेले होते. आज त्याचा मोठा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे.

सावरीच्या जोडीला सालई, शेमट, आंबा, कळंब अशा जातीही वापरात आल्या. सालईला पुढे सातपुड्यात नेपानगर येथील वर्तमानपत्री कागदाच्या गिरणीच्या रूपाने दुसरे गिऱ्हाईक मिळाले. अंदमानातून पपीता, दिदू व धूप या जातींचे लाकूड मुख्य भूमीवर येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात बाल्टिक आणि पूर्वेकडचे दोन्ही मार्ग बंद झाल्यावर देशी लाकूड ही निवड न राहता निरुपाय झाला. ग्राहकाने काडीच्या रंगाबद्दल फारशी तक्रार केली नाही असे दिसते. ‘अ‍ॅस्पेनवाचून चालणार नाही’ हे विधान अशा प्रकारे दोन दशकांच्या आतच खोटे ठरले. मात्र ते तोडीपुरतेच खोटे ठरले, लागवडीपुरते नव्हे. नैसर्गिक अरण्यातील सावर तोडली गेली त्या वेगाने लावली गेली नाही, आणि ही उणीव पुढच्या पिढीला भोगावी लागली.

कच्चा माल बदलताच उद्योगाचा भूगोलही बदलला. बंदराजवळ असण्याचे महत्त्व संपले. ‘विमको’ने तराईतील सावरीच्या अरण्यांजवळ बरेली येथे कारखाना काढला, त्याआधीच आसामात धुब्री येथे स्वीडिश गटाचा कारखाना निघाला होता. दक्षिणेत शिवकाशी येथे पी. अय्या नाडर व ए. षण्मुग नाडर यांनी कलकत्त्यास जाऊन ही कला शिकून घेतली व १९२३ च्या सुमारास धंदा सुरू केला. हातकामावर आधारलेल्या लहान घटकांना अबकारी करात मिळालेल्या सवलतीमुळे तो धंदा वाढत गेला आणि केरळातील मट्टी या मऊ लाकडाच्या काड्यांवर पोसला. मुंबई परिसरातील लहान कारखान्यांना या स्पर्धेत टिकण्याजोगे काहीच उरले नाही. उपनगरांतील जमिनीचा भाव चढत गेला, कापड, औषधे व अभियांत्रिकी मालाचे कारखाने आले. जेथे कधीकाळी ओंडके भिजत पडत, अशा आवारांचा मागमूसही आज सहज लागत नाही. अंबरनाथच्या कारखान्याने मात्र गावाला ओळख दिली आणि त्या पट्ट्यातील औद्योगिक वसाहतींच्या आधीच्या पिढीचा तो प्रतिनिधी ठरला.

पॉप्लरची शेती : सावर दुर्मिळ होत गेली, तेव्हा या उद्योगाने पुन्हा अ‍ॅस्पेनच्याच कुळाकडे पाहिले. या वेळी ओंडका न आणता रोप आणले. पॉप्युलस डेल्टॉइडीस या अमेरिकन पॉप्लरचे जी-३, जी-४८ यांसारखे वाण घेऊन ‘विमको’ने १९७६ पासून उत्तर प्रदेश, पंजाब व हरियाणातील शेतकऱ्यांना बांधावर व गव्हाच्या शेतात झाडे लावण्यास प्रवृत्त केले. १९८४ पासून नाबार्डच्या साहाय्याने बँककर्ज आणि ठरल्या भावाने खरेदीची हमी या दोन्हींची जोड त्याला मिळाली. हिवाळ्यात पानगळ होत असल्याने खालच्या गव्हाला ऊन मिळते, आणि झाड सहा ते आठ वर्षांत तोडणीस येते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून घ्यावा असे सांगितले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरण्यतोडीवर कडक निर्बंध घातले. तेव्हा शेतातले पॉप्लर हाच उत्तर भारतातील लाकूड-उद्योगाचा मोठा आधार उरला. महाराष्ट्राच्या उष्ण हवेत मात्र हे झाड नीट वाढत नाही.

झाड ज्या काडीसाठी लावले गेले, तिचा त्यातील वाटा मात्र कमी होत गेला. पेटीला लाकडी पत्र्याऐवजी पुठ्ठा आला आणि गॅस-शेगडीबरोबर लायटर आला. स्वतः ‘विमको’ची मालकी २००५ मध्ये आय. टी. सी. समूहाकडे गेली. पॉप्लरचा मोठा भाग आता हरियाणातील यमुनानगरच्या प्लायवुड-कारखान्यांत जातो. तेथे तो ओंडका काडीसारखाच, फक्त अधिक रुंद सोलयंत्रावर, ओलाच सोलला जातो. तयार तक्ते देशभर जातात. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर-बाजारातील कपाटे व पलंग यांच्या सनमायक्याखाली बहुधा याच कुळातले पांढरे लाकूड असते. सुतार त्याला नुसते ‘प्लाय’ म्हणतो. यमुनानगरच्या बाजारात ओंडका वजनावर, दर क्विंटलमागे विकला जातो. जाडीनुसार ‘ओव्हर’, ‘अंडर’ व ‘सोक्ता’ अशा त्याच्या प्रती लावल्या जातात आणि शेतकऱ्याचा भाव त्यावरून ठरतो.